रेलिंगवरची बाग: खानदेशातल्या मे महिन्याला पुरून उरेल अशी

डिसेंबरात जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही नर्सरीत जा, पिटुनियाचे रंग बघून पाय निघत नाही. माणसं सहा-आठ रोपं आणि दोन लोखंडी स्टँड घेऊन येतात, रेलिंगला अडकवतात, आणि दोन महिने घर खरोखर देखणं दिसतं. मग होळी होते. पाडव्यापर्यंत पानं करपतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात तेव्हा रेलिंगवर वाळक्या काड्यांचे डबे लटकत असतात, आणि आपल्याकडे उन्हात काही टिकत नाही असं घरात ठरून जातं.

टिकतं. माझी बाल्कनी पहिल्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून आहे, आणि गेली नऊ वर्षं तिच्या रेलिंगवर बारा महिने काही ना काही फुलतंय. त्यासाठी मला एकच गोष्ट उलटी करावी लागली: आधी मे महिन्याचा विचार, मग डिसेंबरचा. डबा, माती, पाणी, झाड हे सगळं ४४-४५ अंशांच्या दुपारी तग धरेल असं निवडलं की हिवाळ्यात वेगळं काही करावं लागत नाही.

वजनाचा हिशेब

झाडं आणण्याआधी रेलिंगकडे बघा. बाजारात मिळणारा रेलिंगचा लांबट डबा साधारण ६० सेंटीमीटर लांब, १८ रुंद आणि १५ खोल असतो. म्हणजे १६ लिटर. शेतातली काळी माती भरून पाणी घातलं, तर एका डब्याचं वजन २७ किलोपर्यंत जातं. दहा फुटी रेलिंगवर असे पाच डबे बसतात. १३५ किलो झाले. पुढे सांगते ते हलकं मिश्रण भरलं तर हाच डबा ओला असताना १८ किलोच्या आसपास राहतो, पाच मिळून ९०. फरक केवढा आहे बघा.

रेलिंगचे उभे पाइप जिथे लादीत किंवा स्लॅबमध्ये शिरतात तिथे खाली बसून नीट पाहा. गंज आधी तिथेच धरतो, कारण पुसलेलं पाणी तिथे साचतं. रंगाला फुगवटा आला असेल तर पेचकसाच्या टोकाने टोकरून बघा. पापुद्रे निघाले तर आधी वेल्डरला बोलवा. वेल्डिंग झालं की रेडऑक्साइड, मग ऑइलपेंट. हाताने धरून हलवल्यावर थरथरणाऱ्या रेलिंगवर एकही डबा टांगू नका. तिथे जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या, रेलिंगला फक्त टेकू द्या. काचेच्या रेलिंगवर काहीच टांगायचं नाही.

जुन्या घरांच्या ओट्याला विटांचा कठडा असतो. तो वजन पेलतो, पण वरून सपाट असल्यामुळे कुंड्या नुसत्या ठेवल्या जातात आणि मांजराच्या धक्क्यानेही पडतात. कठड्याच्या आतल्या बाजूने, वरच्या काठापासून चार इंच खाली, लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर डबा बसवला तर झाड कठड्याच्या वर दिसतं आणि डबा बराचसा मागे लपतो. मला हीच रचना सगळ्यात सुंदर वाटते.

घरात लहान मूल असेल तर रेलिंगच्या आतल्या बाजूला जमिनीवर कुंडी किंवा चढता येईल असा ठेंगणा स्टँड नको. दोन-तीन वर्षांचं मूल त्याची पायरी करतं. ही एक गोष्ट सजावटीपेक्षा मोठी आहे.

डबा आत टांगायचा की बाहेर

आत. पहिल्या मजल्याच्या वर तर आतच. बाहेरून डबे रस्त्यावरून छान दिसतात, म्हणून मीही पहिल्यांदा बाहेर टांगले होते, तेही मातीचे. जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वादळ आलं. वाऱ्याने उंच वाढलेल्या झेंडूला धरून डबा हुकातून वर उचलला आणि खाली पार्किंगमध्ये टाकला. रोज त्या वेळी तिथे मुलं सायकली फिरवतात. पावसाचे थेंब सुरू झाले म्हणून ती नुकतीच जिन्यात गेली होती. फुटलेल्या खापरांजवळ मी उभी होते ते मला आजही आठवतं. त्यानंतर बाहेरच्या बाजूला काही टांगलं नाही.

ज्या वाऱ्यात रावेर-यावलकडे केळीच्या उभ्या बागा आडव्या होतात, तोच वारा आपल्या बाल्कनीतही येतो. हुक वजन खाली धरतो, वर उचलणाऱ्या वाऱ्याला अडवत नाही. म्हणून प्रत्येक डबा दोन्ही टोकांना जस्ती तारेने रेलिंगला बांधायचा. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या वापरू नका. आपल्या उन्हात त्या वर्षभरात कडक होऊन तुटतात.

तार आणि हुक घासून रेलिंगचा रंग जातो, मग गंज. याला आपल्याकडे फुकटचा उपाय आहे. कुणाच्याही शेतात ठिबकच्या जुन्या १६ मिलीमीटरच्या नळ्या पडलेल्या असतात. वीतभर तुकडा कापायचा, कात्रीने लांबीत चिरायचा आणि जिथे हुक बसणार तिथे रेलिंगच्या पाइपवर चढवायचा. नळी स्वतःच पाइपला धरून बसते. माझ्या रेलिंगवर त्याच जागी पहिला रंग अजून शाबूत आहे.

हुक विकत घेण्याआधी रेलिंगच्या वरच्या पाइपची जाडी दोऱ्याने मोजा. पाइपपेक्षा हुक रुंद असला की डबा पुढे कलतो, पाणी एका बाजूने वाहून जातं आणि दुसऱ्या टोकाची झाडं नेहमी तहानलेली राहतात.

डबा कशाचा, याबद्दल माझं मत पक्कं आहे: जाड प्लॅस्टिकचा, फिकट रंगाचा. पत्र्याचे रंगीत डबे दिसायला सुरेख, पण मेमध्ये दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या पत्र्याला हात लावून बघा. ज्या भिंतीला आपला हात टेकवत नाही, तिला चिकटून मुळं असतात. पत्र्याचेच घेतले असतील तर आत लहान प्लॅस्टिकची कुंडी ठेवून मधली फट कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, भरा आणि कोकोपीट ओलं ठेवा. मातीच्या कुंड्या मुळांना थंड ठेवतात, पण रेलिंगवर चहूबाजूंनी वारा लागून लगेच वाळतात आणि जडही असतात. त्या खाली ओट्यावर शोभतात. डब्याच्या तळाला करंगळी जाईल एवढी चार-पाच भोकं हवीतच.

ऊन कोणत्या दिशेने येतं

जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेकडेच असतो. यातून एक गंमत घडते. दक्षिणेची बाल्कनी आपण तापट समजतो, पण वर स्लॅब असेल तर ऐन मेमध्ये दुपारी तिथे सावली असते आणि डिसेंबरमध्ये ऊन पार खोलीपर्यंत येतं. झाडांना याहून चांगली जागा नाही. उत्तरेची बाल्कनी थंडीभर उन्हाला पारखी असते, पण जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिच्यावर तिरपं ऊन येतं. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन, तिथे जवळजवळ काहीही लावा. पश्चिमेला दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत ऊन आणि वर तापलेला वारा. पुढचं बरंचसं लेखन तिच्यासाठीच आहे.

पश्चिमेला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा. शेतीच्या दुकानात ती मीटरवर कापून मिळते. पाडव्याच्या सुमारास बांधायची आणि मृग बरसला की काढायची. वरची कड घट्ट बांधा, खालची कड सैल सोडा, म्हणजे वारा आरपार जाईल. चारही बाजूंनी ताणलेली जाळी वादळात शिडासारखी फुगते आणि रेलिंगला ओढते.

माती

काळी माती शेतात सोनं आहे, डब्यात ती नुसती नको. वाळली की आकसते, डब्याच्या भिंतीपासून बोटभर सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. आपल्याला वाटतं पाणी झालं, आणि मधला गोळा विटेसारखा कोरडा असतो. मी एकदा वाळलेली सदाफुली उपटून तो गोळा फोडला. आदल्या संध्याकाळीच तांब्याभर पाणी घातलेलं होतं, तरी आत धूळ निघाली.

पाच डब्यांसाठी ८० लिटर मिश्रण लागतं. मोजायला घरातलीच बादली घ्या आणि दहा भागांत चार भाग भिजवलेलं कोकोपीट, तीन भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग माती, एक भाग जाड वाळू असं ठेवा. कोकोपीटची ५ किलोची वीट २०-२५ लिटर पाण्यात फुलून ६० लिटरच्या वर जाते, म्हणजे एक वीट पुरून उरते. ती फुलली की पिळून पाणी फेका, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. तिच्यात खार असतो. माती शक्य तर नदीकाठच्या पोयट्याची घ्या. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा वास मारला तर ते अजून कच्चं आहे, महिनाभर सावलीत पडू द्या. मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळली की मुळांच्या किडीची काळजी कमी होते.

डब्याच्या तळाला भोकांवर नारळाची शेंडी किंवा जाळीचा तुकडा टाका. वरून दोन बोटं जागा रिकामी सोडा, नाहीतर पाणी घालताना माती खालच्या मजल्यावर जाते आणि तिथून भांडण वर येतं. लावणी झाली की वरून केळीच्या सोपटाचे तुकडे किंवा भुईमुगाची टरफलं पसरा. टरफलं नेहमी वरच ठेवायची. मातीत कालवली तर कुजताना ती झाडाच्या वाट्याचं नत्र ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात.

एका डब्यात एकाच तहानेची झाडं

दुकानात सुंदर दिसलेलं प्रत्येक रोप एकेका डब्यात कोंबलं की रेलिंग बाजारासारखं दिसतं आणि पाण्याचा मेळही बसत नाही. कोरफडीला आठवड्यातून एकदा पाणी पुरतं, तेरड्याला रोज. दोघं शेजारी लावली की एक कुजणार किंवा दुसरा सुकणार. दोन किंवा तीन जाती घ्या आणि सगळ्या डब्यांत त्याच आलटून पालटून लावा. लांबून बघताना एकच रंग पुन्हा पुन्हा आला की रेलिंग भरगच्च दिसतं.

उन्हाळ्याचा माझा ठरलेला डबा असा: मधे वीतभर अंतराने सदाफुलीची दोन रोपं, आणि पुढच्या काठाला ऑफिस टाइमच्या पाच-सहा काड्या. ऑफिस टाइम म्हणजे ती मांसल पानांची, सकाळी ऊन चढल्यावर उमलणारी फुलं. तिला रोपं विकत घेऊ नका. शेजारणीकडून चार बोटांच्या काड्या मागा, खालची पानं काढा, ओलसर मातीत खोचा. आठ-दहा दिवसांत धरतात. सदाफुलीचं बी तर आपोआप पडून उगवतं. दोघींना भरपूर ऊन, थोडं कमी पाणी चालतं. गडद गुलाबी आणि पांढरी मिसळून लावा. भर उन्हात फिके रंग डोळ्यांना दिसतच नाहीत, पण मेच्या संध्याकाळी आपण बाल्कनीत बसतो तेव्हा अंधारात पांढरी सदाफुलीच उजळते.

खेड्यात ओट्याच्या रेलिंगवर शेळ्यांचं भय असतं. सदाफुलीला आणि कोरफडीला त्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून रस्त्याच्या अंगाला तीच लावावीत. कण्हेर आणि अडेनियम उन्हाला चिवट, पण दोन्हींचा चीक विषारी आहे. लहान मुलांचा हात पोचेल तिथे नकोत.

रेलिंगच्या उभ्या सळ्यांवर चढवायला गोकर्णासारखी वेल नाही. बी रात्रभर पाण्यात भिजवून डब्याच्या दोन टोकांना पेरा. निळी फुलं सळ्यांमधून बाहेर डोकावतात आणि मागे खोलीला सावलीही होते. पावसाळ्यात गणेशवेल लावा. तिची बारीक पानं आणि लाल चांदणीसारखी फुलं फार नाजूक दिसतात. बी मात्र इतकं पडतं की पुढच्या वर्षी सगळ्या डब्यांतून उपटत बसावं लागतं. बोगनवेलीचा मोह होतो, पण १५ सेंटीमीटर खोलीच्या डब्यात तिला ठेवू नका. ती खाली मोठ्या कुंडीत, रेलिंगच्या कोपऱ्यात, आणि फांद्या वर वळवलेल्या.

पाणी

आपल्या गावांत नळाला पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. म्हणून डबे किती लावायचे हे पाण्यावरून ठरवा. मेमध्ये १६ लिटरच्या एका डब्याला रोज सव्वा ते दीड लिटर पाणी धरा. पाच डबे म्हणजे सात लिटर, एक लहान बादली. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी यात सहज बसतं.

सकाळी सातच्या आत पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ऊन उतरल्यावर अर्धं पुन्हा. दुपारी पानं मान टाकतात म्हणून धावत जाऊन पाणी घालू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर झाड ठीक आहे. सकाळीही मान खालीच असेल तर तहानलेलं आहे. खात्री करायची तर बोट दोन पेरं मातीत घाला. माझी शेजारीण सुरुवातीला मला म्हणायची, “कितलं पानी टाकस व माय!” आणि तिचं बरोबर होतं. पहिल्या वर्षी माझी निम्मी झाडं जास्त पाण्याने मेली.

गावाला जायचं असेल, किंवा रोज जमत नसेल, तर ठिबक करा. जळगाव जिल्ह्यात ठिबकचं सामान मिळायला काय तोटा! वरून १६ मिलीमीटरची नळी रेलिंगच्या कडेने न्यायची, प्रत्येक डब्यावर थेंब थेंब पाणी सोडणारे दोन ड्रिपर टोचायचे, शेवटचं टोक दुमडून बांधायचं. पण एक लक्षात ठेवा. तासाला २ लिटर असं लिहिलेला साधा ड्रिपर तेवढं पाणी शेतातल्या मोटारीच्या दाबाला देतो. बाल्कनीत मीटरभर उंचीवर ठेवलेल्या पाण्याच्या डब्यातून तो तासाला जेमतेम अर्धा-पाऊण लिटर देईल. गच्चीवरच्या टाकीला जोडला आणि उंची तीन-चार मीटर मिळाली तर लिटरभराच्या थोडं वर. म्हणून आधी ड्रिपरखाली वाटी ठेवून घड्याळ लावून मोजा, मग किती वेळ चालू ठेवायचं ते ठरवा. दाब कमी असला तरी सारखंच पाणी देणारे म्हणून जे महाग ड्रिपर विकतात, ते इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत, साधेच घ्या.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. डब्याच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला, पानांच्या कडा तपकिरी झाल्या, की तो क्षार आहे. थर खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा डबा खाली उतरवून भरपूर पाण्याने माती धुऊन काढा, पाणी भोकांतून वाहू द्या. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप ठेवून धरलेलं पाणी झाडांना किती मानवतं हे आठवड्यात दिसतं. ड्रिपर तुंबले तर रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा.

डब्याखाली ताटली असेल तर पावसाळ्यात ती काढून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि बाराही महिने आठवड्यातून एकदा ताटली कोरडी करून पुसायची सवय ठेवा.

खत आणि कीड

दर तीन आठवड्यांनी डब्याला दोन मुठी गांडूळखत, एवढं पुरतं. फुलं कमी वाटली तर शेतीच्या दुकानातलं १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम विरघळवून पंधरा दिवसांनी द्या, तेही माती ओली असताना. भुईमुगाच्या ढेपेचं भिजवलेलं पाणी उत्तम असतं, पण वास खालच्या मजल्यापर्यंत जातो. केळीच्या सालींचं पाणी मी करून पाहिलं. चिलटं झाली, फुलांत फरक दिसला नाही. साली कंपोस्टमध्ये टाका, तिथे त्या कामाला येतात.

उन्हाळ्यात पानांखाली बारीक जाळी आणि पानांवर फिकट ठिपके दिसले तर ती कोळी नावाची बारीक कीड आहे. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा सलग तीन-चार दिवस मारला तर बहुतेक वेळा भागतं. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशने काढा, मग लिटरला ५ मिलीलिटर निमतेल आणि दोन-तीन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण घालून सूर्य मावळल्यावर फवारा. उन्हात निमतेल मारलं की पानं भाजतात.

वर्ष कसं फिरतं

नव्याने सुरुवात करायला महाशिवरात्र ते होळी हा काळ चांगला. तेव्हा लावलेल्या सदाफुलीची मुळं ऊन तापेपर्यंत खोल जातात. पाडव्यानंतर नवं रोप लावू नका. आहे ते जगवा. मृगाचा पाऊस झाला की सदाफुली निम्म्याने छाटा, तारा पुन्हा आवळा. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर आषाढात बी पेरा आणि रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे ते बुटकं आणि पसरट राहतं, वाऱ्याला धरायला काही देत नाही. श्रावणात कानबाईच्या सणाच्या सुमारास तेरडा भरात असतो.

दसऱ्यानंतर पिटुनिया खुशाल आणा. पाचपैकी तीन डब्यांत तो, आणि उरलेल्या दोनमध्ये सदाफुली तशीच राहू द्या, म्हणजे पाडव्याला रेलिंग ओकंबोकं होत नाही. आतल्या बाजूच्या एका डब्यात मी छोटे कांदे खोचते, चार बोटं अंतराने, मान वर ठेवून. महिन्याभरात पात कापायला येते. भरीत घोटून झालं की बाल्कनीत जाऊन मूठभर पात कापायची, मुळाशी दोन बोटं ठेवून. ती पुन्हा फुटते.

माघात पिटुनियाची मुदत संपत आली की तो डबा रिकामा करा, मुळांचा जाळा झटकून काढा, मिश्रण चार दिवस उन्हात पसरा, त्यात एक तृतीयांश नवं खत मिसळा, आणि त्याच संध्याकाळी शेजारणीकडे ऑफिस टाइमच्या काड्या मागायला जा.